तांदळाच्या पिंपातलं तोरण

मथू, तुला पोचवून पुरुषमाणसं परत आली त्या दुपारी मी तुझ्या पडवीत बसून बायांना सांगत होते, की तुझ्या हातचा कापसाचा ससा बघून आमची मांजर तीन दिवस उपाशीपोटी दबा धरून बसली होती. तीनाचे मी पाच केले. पाचाचे आठ केले. आणि कुणीही मधेच "हट, खोटारडे!" म्हणालं नाही. तेव्हा मला कळलं, तू गेलीस.

सकाळपासून तोवर मी स्वतःलाच थाप मारत होते. मथू माहेरी माकुणसारला गेली आहे, तिथून किनाऱ्यावर शिंपले वेचायला. उद्या येईल, ओटीत शिंपले, पदराला वाळू, आणि कुंपणापलीकडूनच ओरडेल, "गोदू, चाय ठेव गो, पाय तुटले माजे!" थाप चांगली होती. पण ती ऐकून "हट" म्हणायला तूच नव्हतीस, त्यामुळे तिच्यात जीव राहिला नाही.

माझ्या बोलण्यातलं निम्मं सोडून द्यायचं आणि उरलेल्याचं पुन्हा निम्मं करायचं, असा बेटेगावचा रिवाज आहे. हे वाचणाऱ्यांनीही खुशाल तसं करावं. सशाचं, मोराचं, करवंटीचं जे काय पुढे येईल त्यातून हवं तेवढं कापावं. फक्त एका तोरणाची गोष्ट आहे, तिच्यातलं अक्षरही कापू नये. ती मी तुला, आणि तुझ्याआधी माझ्या मुलीला, केव्हाच सांगायला हवी होती. माझं तोंड झोपेतसुद्धा मिटत नाही, असं आमचे हे चारचौघांत सांगतात. अशी मी तीन वर्षं गप्प राहिले. ही माझी सगळ्यांत मोठी थाप वाटेल, पण खरी आहे.

आपण दोघी एकाच वर्षी बेटेगावात सुना म्हणून आलो. मी पालघरची, म्हणजे माझ्या मते शहरातली. तू माकुणसारच्या वाडीतली. मध्ये फक्त कुंपण. तुझा नवरा गेला तेव्हा लग्नाला पुरती चार वर्षं झाली नव्हती, मूलबाळ नव्हतं. बायांनी तुझ्या बांगड्या ओट्याच्या कडेवर आपटून फोडल्या. त्या निघून गेल्यावर मी कुंपणातून पाहिलं, तर तू खाली बसून एकेक काच वेचत होतीस. मला वाटलं, कुणाच्या पायाला लागू नये म्हणून. तू त्या फडक्यात बांधल्यास आणि आत नेल्यास. त्यांचं पुढं काय केलंस ते मी विचारलं नाही. मी, गोदू, विचारलं नाही!

मग दिराच्या घराची पुढली पडवी आणि तिच्यामागची एक खोली एवढं तुझ्या वाट्याला आलं, आणि त्या पडवीत तू बसलीस ती बसलीसच. बांगडी फुटली म्हणायचं नाही, वाढली म्हणायचं, आणि वाढलेली बांगडी टाकायची नाही, मथूला द्यायची, ही सवय गावाला तू लावलीस. कासार फेरीला आला की टोपलीतल्या फुटक्या काचा तुझ्या सुपात ओतून जायचा. दुपारी तू रॉकेलची चिमणी पेटवायचीस. चिमट्यात काच धरून ज्योतीच्या शेंड्यावर न्यायचीस. काच आधी काळी पडते, मग लाल होते, मग हळूच मान टाकते. तेवढ्यात मागची कडी तिच्यात ओवायची आणि दुसऱ्या चिमट्यानं टोकाला टोक भिडवायचं. झाली नवी कडी. ती राखेत ठेवायची, निवली की काजळी पुसायची. अशा कड्यांच्या साखळ्या, साखळ्यांचं तोरण, आणि ते दारात टांगलं की संध्याकाळच्या उन्हात भिंतीवर लाल-हिरव्या कवडशांची जत्रा.

मला तू पहिल्याच दिवशी शिकवायला घेतलंस. राखेत ठेवायला मला धीर कुठला! मी माझी पहिली कडी गरमागरम तांब्यातल्या पाण्यात टाकली. ताड्‌कन तिचे इतके तुकडे झाले की बोईसर स्टेशनात गाडीची वाट बघणाऱ्यांच्या टोप्यांवर काचा पडल्या, असं मी सांगत असते.

"तुला थांबता येत नाय गो," तू म्हणालीस. "काचंला निवू द्यावं लागतं."

"आणि माणसाला?"

"माणसाला बी. पण तुला सांगून काय उपेग."

दुसरी कडी मी राखेत ठेवली. ती अशी निघाली की तिला कडी म्हणावं की खेकड्याची नांगी, समजेना. तू ती पदराला पुसून माझ्या तळहातावर ठेवलीस. "घे. वाकडी हाय, पण तुजी हाय."

मी ती कुंपणाबाहेर फेकून दिली. मला वाकडं आवडत नाही, मथू. मला सरळही फारसं आवडत नाही. मला लोकांचे डोळे विस्फारलेले आवडतात.

म्हणून तर आपली जोडी जमली. लग्नात रुखवत मांडायचं, म्हणजे नवरीनं स्वतःच्या हातांनी केलेल्या वस्तू मांडवात टेबलावर मांडायच्या. नवऱ्याकडच्या बायांनी त्या उलटसुलट करून बघायच्या, आणि मुलगी हाताची कशी आहे ते ठरवायचं. त्या वस्तू पंचक्रोशीत तुझ्या पडवीत व्हायच्या आणि त्यांच्याबद्दल मांडवात मी बोलायची. सुपारीचे नवरा-नवरी, करवंटीचा मोर, शिंपले चिकटवलेला डबा, जुन्या कॅलेंडरच्या कागदाच्या सुरळ्या करून ओवलेला दाराचा पडदा, तारापूरच्या वीजकेंद्राच्या बांधकामावरच्या मजुरांनी आणून दिलेल्या रंगीत वायरीच्या तुकड्यांची परडी. मी टेबलाशी उभी राहिले की रुखवत बोलायला लागायचं. "ह्या मोरासमोर, विहीणबाई, परवा रानातला मोर येऊन नाचून गेला. ह्या डब्याला भरतीच्या वेळी हात लावू नका, झाकण उडतं. ही परडी बघून तारापूरच्या गोऱ्या साहेबानं जीप थांबवली आणि डोक्यावरची टोपी काढून द्यायला लागला. आमची पोर म्हणाली, नको, ऊन लागेल तुम्हाला!"

तू तेव्हा मांडवाच्या मागे, आचाऱ्याच्या चुलीपाशी नारळ खवत बसलेली असायचीस. रुखवतासमोर तू कधी आली नाहीस. कुणी ये म्हणायचं नाही, आणि का म्हणत नाही ते तुलाही ठाऊक होतं, आम्हालाही. पांढऱ्या कपाळाच्या बाईचा हात शुभकार्यात पुढे दिसायला नको. दिसायला नको एवढंच. त्या हातानं केलेलं मात्र सगळ्यांना हवं होतं.

आपलं भांडण एकाच गोष्टीवरून. तू आयतं काही करून द्यायची नाहीस. कुणाची मुलगी ठरली की तिनं उन्हाळाभर दुपारी तुझ्या पडवीत यायचं, तू दाखवायचं, कडी तिनं जोडायची. मी म्हणायची, "अगो, चार दिवसांत तुझ्या हातून होईल ते त्या पोरी चार महिने चिवडत बसतात. करून दे की! कोण विचारतंय?"

"पोरगी सासरी गेली नि सासूनं सांगितलं, आता असलं अजून एक कर, तर?"

"तर मी सांगेन की तिचे हात लग्नात हळदीनं बांधले गेले."

"हट, खोटारडे."

आणि तुझा दुसरा नियम. तोरणाची शेवटची कडी मुलीच्या आईच्या वाढलेल्या बांगडीची हवी. त्याशिवाय तोरण बाहेर जायचं नाही. आईनं आपल्या हातची काच आणून द्यायची, मुलीनं ती शेवटी ओवायची. मला तेव्हा ते तुझं खूळ वाटायचं. आता एकटी बसले की उमगतं. कडी मुलीच्या हातची, शेवटची काच सवाष्ण आईची. उद्या कुणी बोट दाखवलं तर तुझा हात त्यात कुठे सापडायलाच नको, अशी सोय तू स्वतःच करून ठेवली होतीस. तुझं नाव पुसण्याचं काम गावानं करायच्या आधी तूच करायचीस, आणि वर हसायचीस.

चीनच्या लढाईच्या वेळी जवानांसाठी स्वेटर विणायचं फर्मान शाळेतून आलं ते आठवतं? आपल्या मुलखात लोकर म्हणजे काय ते मेंढ्यांनाही माहीत नाही. तू गुपचूप तीन विणलेस. मी एक विणला, तो बाह्यांपासून इतका वाढत गेला की एका तुकडीला एकदम घालता आला असता. गठ्ठा बांधताना तू तो उसवलास, रात्रीतून नीट विणलास आणि वर चिठ्ठी लावलीस, "गोदावरीबाई, बेटेगाव". मी गावभर सांगितलं, माझा स्वेटर सीमेवर गेला. तू ऐकत होतीस. तेव्हा एकदाही "हट" म्हणाली नाहीस.

आता तोरण.

आमच्या सुमनचं तारापूरला ठरलं. घर वाडीवालं, शिवाय वीजकेंद्राचं काम निघाल्यापासून त्या बाजूला नवी माणसं, नवे बंगले, बोईसरच्या बाजारातसुद्धा हिंदीत भाव सांगायला लागले होते. मला वाटलं, आपणही काहीतरी दणदणीत दाखवलं पाहिजे. बोलणी चालू असतानाच मी सांगून टाकलं, की आमच्या सुमनचं तोरण असं आहे की त्याच्याखालून जाताना हत्तीनंही मान वाकवावी.

सुमनला सुईत दोरा ओवता येत नव्हता. पण उन्हाळाभर ती तुझ्याकडे बसली. बोटं भाजली, भुवई जळली, पण बसली. माझ्याशी दोन वाक्यं न बोलणारी माझी मुलगी तुझ्या पडवीत खिदळताना मला कुंपणापलीकडून ऐकू यायची. मला बरं वाटायचं आणि खोटं कशाला बोलू, थोडं जळायलाही व्हायचं. शेवटी तू मला हाक मारलीस. "गोदू, बांगडी आण तुजी." मी कासाराकडून चमचमती नवी घेऊन आले. तू ती परत केलीस. "हातातली. वाढलेली." मी साधी हिरवी दिली. सुमननं ती शेवटची ओवली आणि तोरण वर धरलं.

मथू, ते वाकडं होतं. डावी बाजू उजवीपेक्षा वीतभर लांब, मधल्या कड्या कुठे गोल, कुठे चपट्या. सुमनचा चेहरा मात्र असा, जणू तिनं राजवाडा बांधला.

"कसं हाय, आई?"

तू माझ्या तोंडाकडे बघत होतीस. मी म्हणाले, "छान हाय." आयुष्यातली सगळ्यांत लहान थाप, आणि तीच मला नीट मारता आली नाही.

लग्नाच्या आदल्या दिवशी मी सरावलीला निरोप धाडला. तिथल्या रंजनचं तोरण दोन वर्षांपूर्वी तुझ्याच पडवीत झालेलं, देखणं, एकसारखं. मी कळवलं, "मथूमावशीला नमुन्याला हवंय." तुझ्या नावानं कुणी नाही म्हणणार नव्हतं. लग्नाच्या सकाळी सुमनचं तोरण काढून मी धोतराच्या फडक्यात गुंडाळलं आणि पत्र्याच्या पिंपात, तांदळाच्या खाली खोल दाबलं. रुखवतावर रंजनचं टांगलं. मी ठरवलं होतं, मांडव उतरला की बदलून टाकू. कुणाला कळतंय!

सुमनची आतेसासू रुखवत बघायला आली. मी सुरू झाले. "हे तोरण, विहीणबाई, हे करताना आमच्या सुमननं सात चिमण्या जाळल्या, रॉकेलला बोईसरात तुटवडा पडला..." ती बाई माझं ऐकतच नव्हती. तिनं शेवटची कडी दोन बोटांत धरली. जांभळी काच, तिच्यावर सोनेरी रेघ.

"ही तर आमच्या जमनाची बांगडी. जत्रंत आमी दोघींनी सारख्या घेतलेल्या. हे बघ." तिनं मनगट पुढे केलं. जांभळी, सोनेरी रेघेची. "जमनाच्या रंजनचं तोरण हे. सरावलीला रुखवतात मी पाहिलेलं. इथं कसं आलं?"

मांडवातल्या सगळ्या बाया माझ्याकडे वळल्या. माझं तोंड उघडलं. त्या वेळी माझ्याजवळ अकरा थापा तयार होत्या, मथू. एकही बाहेर आली नाही.

आणि तू आलीस. खोबऱ्याचे हात पदराला पुसत, चुलीकडून, सगळ्यांच्या मधून, रुखवताच्या समोर. जिथे तू कधी उभी राहिली नाहीस तिथे.

"मी आणलं ते," तू म्हणालीस. "रंजनकडून. पोरीचं तोरण झालेलं हाय, पण साधं दिसत होतं. चार माणसांत लाज नको म्हणून मी बाजूला ठेवलं. हिला यातलं काय ठाऊक नाय."

आतेसासूनं तुझ्या कपाळाकडे पाहिलं. "तू कोण गो?"

"शेजारीण."

"शेजारणीनं, त्यातून असल्या शेजारणीनं, रुखवताला हात लावावा कशाला? आन पोरीचं झालेलं हाय म्हणतेस, तर आण की. दाखव."

तू माझ्याकडे पाहिलंस. मी रुखवतातल्या कापसाच्या सशाकडे पाहिलं. मी एवढं बोलायचं होतं, "थांबा, आणते." वीस पावलं होती पिंपापर्यंत.

"कुठं ठेवलं ते ध्यानात नाय," तू म्हणालीस. आतेसासू हसली. तिच्यामागून दुसऱ्या हसल्या.

मागच्या दारात सुमन मुंडावळ्या बांधून उभी होती. तिनं ऐकलं ते इतकंच, की मथूमावशीला माझ्या तोरणाची लाज वाटली.

लग्न लागलं, पंगती उठल्या, मुलगी तारापूरला गेली. तू मला शिव्या द्यायला हव्या होत्यास. दोन दिवसांनी कुंपणाशी येऊन तू एवढंच म्हणालीस, "पोरीला सांग गो, गोदू. बाकी कोणाला नको. पोरीला तेवढं सांग."

मी हो म्हणाले. आधी वाटलं, नवी नवरी आहे, तिच्या तोंडून निसटलं तर सासरी माझी शोभा होईल. मग म्हटलं, पहिल्या सणाला सांगू. मग म्हटलं, बाळंतपणाला येईल तेव्हा. सुमन आली, राहिली, गेली. कुंपण ओलांडून तुझ्याकडे एकदाही आली नाही. आणि तिकडे, "मथूकडची वस्तू म्हणजे फिरती वस्तू" असं लोक बोलायला लागले. जे इतकी वर्षं मनात होतं तेही बोलले, की तसल्या बाईकडे लग्नाच्या पोरी धाडूच नयेत. पुढच्या उन्हाळ्यात तुझ्या पडवीत चिमणी पेटली, पण तिच्याभोवती कुणी नव्हतं. तू एकटी काचा वाकवत होतीस.

नाही म्हणायला बांधकामावरच्या एका मजुराची बायको, फुलमती, तुझ्याकडे यायला लागली. तिला गावची बोलणी कळत नव्हती हे तिचं नशीब. "माई, हमको भी सिखा दो." तू तिला मराठीत शिकवायचीस, ती तुला हिंदीत विचारायची, आणि तोरण दोघींपेक्षा शहाणं म्हणून सरळ व्हायचं.

सुमनला मुलगा झाला, ती बाळाला घेऊन सासरी परतली, तेव्हा तू पाळण्यावर टांगायला चिंध्यांच्या चिमण्या केल्यास. सात चिमण्या, प्रत्येकीला गुंजेचे डोळे. माझ्याबरोबर तारापूरला धाडल्यास. सुमननं पुरचुंडी उघडली आणि पुन्हा बांधली. "परत दे तिला. म्हणावं, आमचं घर साधं हाय, इथं टांगून लाज वाटंल तिला."

तेव्हा तरी, मथू! तेव्हा तरी मी तोंड उघडायचं होतं. मी पुरचुंडी घेऊन घरी आले आणि तीही तांदळात दाबली. तू कुंपणाशी उभीच होतीस.

"आवडल्या तिला?"

"आवडल्या? अगो, डोळ्यांत पाणी आलं तिच्या!"

"बाळ हसतो बघून?"

"हसतो? तो त्यांच्याशी बोलतो! एकेकीला नावानं हाक मारतो!"

"हट, खोटारडे," तू म्हणालीस. पण तुझा चेहरा उजळला होता. माझ्या हजारो थापांपैकी जिच्यावर तू विश्वास ठेवलास ती ही एकच.

की नव्हता ठेवला? कारण मग ते तांदळाचं झालं. पावसाळ्यात तू दोन मापं तांदूळ मागायला आलीस. मी पिंपात माप खुपसलं आणि आतून किणकिण आली. काच पत्र्यावर वाजली. तू शांतपणे सूप पुढे धरलंस आणि म्हणालीस, "तुज्या पिंपात उंदीर हायत वाटतं गो, गोदू. पायात घुंगरू बांधलेले."

"हो ना," मी म्हणाले. "नाचतात मेले."

तू तांदूळ घेतलेस आणि गेलीस. म्हणजे तुला ठाऊक होतं. तुला ठाऊक आहे हे मला ठाऊक होतं. आणि आपण दोघी त्यानंतर रोज चहा पीत होतो.

शेवटच्या तापात मी तुझ्या उशाशी होते. फुलमती पायाशी. तू डोळे मिटून म्हणालीस, "गोदू, गोष्ट सांग."

"कसली?"

"कसली बी." मग जरा थांबून, "खरी असली तरी चालंल."

तू मला दार उघडून दिलंस, मथू. सताड. आणि मी तुला त्या खेकड्याची गोष्ट सांगितली, ज्यानं आमच्या ह्यांची विडी पळवली आणि बिळात बसून ओढली. तू हसलीस, मग खोकलीस, मग झोपलीस. मला वाटलं, उद्या सांगू. काचेला निवू द्यावं लागतं म्हणालीस ना. मी इतकं निवू दिलं, की सकाळी तुझा हातच गार होता.

तेराव्याला सुमन आली, कडेवर मुलगा घेऊन. तुझ्यासाठी नाही, माझ्यासाठी. पडवीत सगळ्या बसल्या होत्या. सरावलीची रंजनही होती. मी मधे उभी राहिले आणि सगळं सांगितलं. रंजनला खोटा निरोप, तांदळाचं पिंप, मांडवातलं माझं मिटलेलं तोंड, परत आलेल्या चिमण्या. एक शब्दही फुगवला नाही.

त्या हसल्या, मथू. मनापासून हसल्या, तुझ्या घरात तेरा दिवसांनी हसू आलं. रंजन डोळे पुसत म्हणाली, "गोदूकाकू, आज तरी नको हो! पिंपात म्हणे तोरण!"

सुमन हसली नाही. तिनं मुलाला फुलमतीच्या मांडीवर दिलं, कुंपण ओलांडून आमच्या स्वयंपाकघरात गेली. आम्ही सगळ्या तिच्यामागे. तिनं दंडापर्यंत हात तांदळात घातला. किणकिण आली. आधी चिमण्यांची पुरचुंडी निघाली, मग धोतराचं फडकं. तिनं ते जमिनीवर पसरून उघडलं, सगळं तोरण बोटांनी चाचपत शेवटच्या कडीपर्यंत आली आणि माझी साधी हिरवी काच चिमटीत धरून बसून राहिली. कुणी हसत नव्हतं.

"तिनं लपवलं नव्हतं," सुमन म्हणाली.

"नाय."

"मग ती कशी होती, आजारात? मला विचारत होती?"

रोज विचारत होती असं मी सहज सांगू शकले असते. तिला तेच ऐकायचं होतं. पण तू विचारलं नव्हतंस. तू तोंड भिंतीकडे करून पडायचीस आणि फाटकाचा आवाज झाला की मान वळवायचीस.

"फाटक वाजलं की बघायची," मी म्हणाले.

मला वाटलं होतं, सुमन मला बोलेल. काहीच बोलली नाही. अजूनही फारसं बोलत नाही. माझं मी बघेन. तिनं तोरण उचललं आणि तुझ्या पडवीच्या दारावर बांधायला घेतलं. रंजन पुढे झाली, "डावीकडं लांब झालंय गो, थांब, दोन कड्या काढून सारखं करू."

"राहू दे," सुमन म्हणाली. "वाकडं हाय, पण माजं हाय."

तुझी खोली आवरताना मला ते फडकंही सापडलं, ओट्याखाली वेचलेल्या तुझ्या स्वतःच्या बांगड्यांचं. गाठ पहिल्या दिवशीची. साऱ्या पंचक्रोशीच्या काचा जोडल्यास, ह्या तेवढ्या नाहीस. मी गाठ सोडली नाही. ते फडकं फुलमतीकडे दिलं आणि सांगितलं, हे कशात घालायचं ते मी शिकले की ठरवेन. ती मला रोज दुपारी चिमणीसमोर बसवते. "आराम से, अम्मा. राख में रखो." कालपर्यंत माझ्या नऊ कड्या झाल्या आहेत. नऊच. वाकड्या.

रस्त्यानं जाणारे तुझ्या दाराशी थांबतात, विचारतात, हे कुणी केलं. मी सांगते, "सुमननं केलं, मथूनं शिकवलं." आणि गप्प बसते. ते तिथेच उभे राहतात, गोदूची गोष्ट इतक्यात कशी संपेल म्हणून. संपते, मथू. आणि चिमण्या तारापूरला पाळण्यावर आहेत. मुलगा त्यांच्याशी बोलत नाही, नुसता बघतो.

पिंपातले उंदीर गेले. आता माप घातलं की फक्त तांदळाचा आवाज येतो.